ऑनर्स पदवी आणि साधी पदवी

‘ऑनर्स’ म्हणजे सन्मान. त्यामुळे ज्याच्या पदवीपुढे हा शब्द नाही त्याची पदवी कमी मानाची, असा समज सहज होतो. वस्तुतः हा भेद मुख्यतः अभ्यासाच्या खोलीचा व मुदतीचा आहे. आणि तोही सर्वत्र सारखा नाही.

ही कल्पना ब्रिटिश विद्यापीठांतून आपल्याकडे आली. इंग्लंडमध्ये ऑनर्स पदवी सामान्यतः तीन वर्षांची व ३६० श्रेयांकांची असते. ती मजल न गाठणाऱ्यास ३०० श्रेयांकांवर साधी पदवी मिळू शकते. स्कॉटलंडमध्ये मात्र साधी पदवी तीन वर्षांची, तर ऑनर्स चार वर्षांची. म्हणजे नाव एकच, पण एका ठिकाणी साधी पदवी हे बहुधा हुकलेले ऑनर्स असते, तर दुसऱ्या ठिकाणी तो स्वतंत्र मुक्काम असतो.

आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने तीन वर्षांचे ऑनर्स दीर्घकाळ चालविले. पुणे विद्यापीठात एक विषय ‘स्पेशल’ घेऊन त्याच्या अधिक प्रश्नपत्रिका देण्याची रीत होती. हेतू पुष्कळसा तोच, फक्त ऑनर्स हे नाव नव्हते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याने मात्र वर्षांचाच हिशेब बदलला. तीन वर्षे व किमान १२० श्रेयांक म्हणजे पदवी. चार वर्षे व किमान १६० श्रेयांक म्हणजे ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते. त्यात १२ श्रेयांकांचा प्रकल्प असतो. म्हणून हा विचार तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस नव्हे, पहिल्या वर्षीच करावयास हवा.

“तीन वर्षांत पदवी मिळते, मग चौथे कशाला?” हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. ज्याला राज्यसेवा किंवा नागरी सेवेची परीक्षा द्यावयाची आहे, त्याला साधी पदवी पुरेशी आहे. ज्याला एम.ए. करावयाचे आहे, त्याने हिशेब मांडावा : तीन अधिक दोन वर्षे, किंवा ऑनर्सनंतर एक वर्षाचे एम.ए. धरून चार अधिक एक. बेरीज दोन्हीकडे पाचच. संशोधनाची ओढ असणाऱ्यास चौथे वर्ष निश्चितच उपयोगी आहे.

सारांश, चौथे वर्ष प्रतिष्ठेसाठी घेऊ नये आणि धास्तीने टाळूही नये. घरची परिस्थिती व पुढची वाट पाहून जो निर्णय घेतला जाईल, तोच आपल्या पदवीला खरा सन्मान देईल.