बाटलीतले बळ

अंग कसे कमवावे, हे आपल्या गावांना नवे नाही. पहाटे उठावे, तालमीत जावे, जोर-बैठका माराव्यात, पोटभर खावे. वर्ष-दोन वर्षांनी दंड भरतात. पण हल्ली पोरांच्या कानात कुणी सांगतो, "एवढं कशाला? ही सुई घे. तीन महिन्यांत पैलवान होशील." ही सुई कसली, ते आज आपण पाहू.

मुलगा वयात आला की मिसरूड फुटते, आवाज फुटतो, अंग भरते. हे त्याच्या अंडकोषात तयार होणाऱ्या एका रसामुळे होते. १९३५ साली शास्त्रज्ञांनी हा रस प्रयोगशाळेत बनवला. पुढे त्याच्यासारखी पुष्कळ औषधे निघाली. त्यांना स्टेरॉइड म्हणतात. ज्याच्या अंगात हा रस कमी पडतो, त्याला डॉक्टर ते मोजून देतात. ते झाले औषध. धडधाकट पोराने चोरून घेतले, तर तेच अंगावर उलटते.

दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी डॉक्टर जे स्टेरॉइड देतात, ते वेगळे. ते आपल्या मनाने बंद करू नये.

ही चोरी पकडता येते. १९८८ साली कोरिया देशात सोल शहरी ऑलिंपिक सामने झाले. कॅनडाचा बेन जॉन्सन शंभर मीटर ९.७९ सेकंदांत धावला. त्याला सोन्याचे पदक मिळाले. मग त्याची लघवी तपासली. तीत स्टेरॉइड सापडले. पदक काढून घेतले. साऱ्या जगात नाचक्की झाली.

तपासणी कशी होते? खेळाडूची लघवी दोन बाटल्यांत भरून मोहरबंद करतात. एक तपासतात, दुसरी राखून ठेवतात. खेळाडूला शंका असली, तर दुसरीही तपासतात. यंत्रात लघवीतले पदार्थ एकमेकांपासून वेगळे होतात. मग यंत्र त्यांचे बारीक तुकडे करून मोजते. प्रत्येक पदार्थाची खूण निराळी असते. अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखावा, तसा खुणेवरून पदार्थ ओळखतात. अशी प्रयोगशाळा आपल्या देशात दिल्लीला आहे.

चोरून विकलेल्या बाटल्याही प्रयोगशाळांनी तपासल्या आहेत. तेव्हा काय दिसले? पुष्कळदा चिठ्ठीवर एक औषध, आत दुसरेच. कधी कमी, कधी जास्त, कधी औषधच नाही. बनवणारा लपून बनवतो. त्याच्यावर देखरेख कुणाची? आपण वाचायला शिकलो, हे चांगले झाले. पण छापले ते सारेच खरे नसते, हेही शिकले पाहिजे.

आता धोके ऐका. रक्तदाब वाढतो. हृदय बिघडते. यकृताला इजा होते. अंडकोष लहान होतात, मूल होण्याची ताकद घटते. पुरुषाची छाती बाईसारखी वाढते. बाईने घेतले तर आवाज घोगरा होतो, तोंडावर केस येतात. वाढत्या वयाच्या मुलाची उंची खुंटते. राग अनावर होतो. एकच सुई दोघातिघांनी वापरली, तर कावीळ आणि एड्सचे जंतू अंगात शिरतात. बघा, दंड फुगले, पण वंशाचा दिवा धोक्यात आला!

घरात कुणी ही सुई घेत असेल, तर मारझोड करू नका. त्याला जवळ बसवा. "बाबा, खरं सांग," असे मायेने विचारा. मग सरकारी दवाखान्यात न्या. औषध सुटल्यावर मन खचते, अंगात जोर वाटत नाही. अशा वेळी डॉक्टरांची नजर हवी आणि घरच्यांचा आधार हवा. डॉक्टरांपासून काही लपवू नका.

बळ हळूहळू येते. घाईने आणलेले बळ माणसाला आतून पोखरते.

विचार करा आणि सांगा
१. लघवी दोन बाटल्यांत का भरतात?
२. बाटलीवरच्या चिठ्ठीवर विश्वास का ठेवू नये?
३. तुमच्या गावच्या पोरांना तुम्ही काय सांगाल?