आजीची बादली आणि आजीची साय

पाठ १४ · विषय: घर आणि बचत

वाचण्याआधी एक प्रश्न. फ्रीजरमधला आइस्क्रीमचा डबा तुम्ही मोठ्या आशेने उघडला आणि आत नारळाचं वाटण निघालं, असं तुमच्या घरी किती वेळा झालं आहे? ज्यांच्याकडे झालं असेल, त्यांना हा पाठ सोपा जाईल.

काटकसर हा शब्द तुम्ही घरी ऐकला असेल. पैसा, पाणी, अन्न, कपडे जपून वापरणे म्हणजे काटकसर. चिक्कूपणा वेगळा, बरं का! पाहुण्याला चहाच न विचारणारा माणूस चिक्कू. चहाला लागेल तेवढंच दूध तापवणारा माणूस काटकसरी.

मी टूवूंबाला राहते. माझ्या सासूबाई सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या. मी त्यांना आई म्हणते, माझा मुलगा आजी म्हणतो. मागच्या वर्षी त्या सहा महिने आमच्याकडे होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दोन गोष्टी सुरू केल्या. न्हाणीघरात, म्हणजे बाथरूममध्ये, एक बादली ठेवली आणि फ्रीजरमध्ये सायीचा डबा ठेवला.

आधी सायीचं सांगते. दूध तापवून गार झालं की वर जाड थर जमतो, ती साय. गावाकडे म्हशीच्या दुधावर भाकरीसारखी साय येते. ती रोज काढून साठवायची, विरजण लावायचं, घुसळून लोणी काढायचं आणि लोणी कढवून तूप करायचं. दूध तर प्यायचंच असतं, म्हणून हे तूप जवळजवळ फुकट पडतं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला चोख हिशेब.

आईंनी इथेही रोज दोन लिटर दूध तापवलं. पंधरा दिवस साय साठवली. घुसळली. लोणी निघालं लिंबाएवढं!

“अगं, एवढ्या दुधाला एवढंच? हितल्या म्हशींना झालंय तरी काय?” (हितं म्हणजे इथे. साताऱ्याकडे असं बोलतात.)

“म्हशी नाहीत आई, गाईचं दूध आहे.”

पण कारण तेवढंच नव्हतं. म्हशीच्या दुधात साधारण सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे चरबी. इथल्या फुल क्रीम दुधात साधारण साडेतीन टक्के. शिवाय इथलं बहुतेक दूध होमोजिनाइज केलेलं असतं. यंत्रात दुधावर खूप दाब देतात. त्यामुळे चरबीचे थेंब फुटून इतके बारीक होतात की ते वर येतच नाहीत, दुधातच पसरून राहतात. तापवल्यावर वर येतो तो नुसता पातळ पापुद्रा. त्यातून लोणी कसं निघणार?

आता बाकीचा खर्च बघा. इथलं दूध पाश्चराइज केलेलं असतं, म्हणून प्यायच्या आधी तापवायची गरज नसते. म्हणजे रोजची वीज वाया. भांड्याच्या तळाला दूध लागतं, ते भिजवायला पाणी वाया. आणि आईंचा वेळ? तो तर त्या कधी हिशेबात धरतच नाहीत.

मग आम्ही काय केलं? बिनमिठाचं बटर आणलं. पाचशे ग्रॅम बटरचं साधारण चारशे ग्रॅम तूप होतं. मंद आचेवर ठेवा, आधी फेस येतो, मग फेस बसतो आणि घरभर वास सुटतो. तळाला तपकिरी बेरी उरते. त्या गरम बेरीत साखर घालून आईंनी नातवाला दिली, तेव्हापासून आमच्या घरात बटर आणायची आठवण तोच करतो. (मीठवालं बटर आणू नका. बेरी खारट होते. मी आणलं होतं.)

सायीचा डबा असा गेला. बादलीची गोष्ट मात्र वेगळी आहे.

शॉवर सुरू केल्यावर गरम पाणी यायला थोडा वेळ लागतो. तोवर सहा-सात लिटर चांगलं, स्वच्छ, गार पाणी मोरीत जातं. आई ते बादलीत धरायच्या आणि मागच्या अंगणात मेथी-कोथिंबिरीला घालायच्या. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. एका सकाळी माझ्या मुलाला आंघोळीची घाई होती. बादली मध्ये आली म्हणून त्याने ती उचलून ओतून दिली.

“आजी, पाणी काय गं, नळ सोडला की येतं!”

आई काहीच बोलल्या नाहीत. त्या दिवशी त्या जेवणाच्या टेबलावरही गप्प होत्या. मुलगा अस्वस्थ झाला. संध्याकाळी तो त्यांच्याशेजारी जाऊन बसला, तेव्हा त्यांनी त्याला बहात्तरचा दुष्काळ सांगितला.

माण तालुका सह्याद्रीच्या पूर्वेला आहे. पावसाचे ढग डोंगराच्या पश्चिमेलाच रिकामे होतात, इकडे थोडंच पोचतं. माणगंगा नदी वर्षातले बरेच महिने कोरडी असते. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. आजी तेव्हा दहा वर्षांची होती. तिची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला लोक मिलो म्हणायचे. आणि आजी? आजी रात्री विहिरीवर बसायची. विहिरीच्या तळाला पाणी हळूहळू झिरपायचं, मग ते वाटीने घागरीत भरायचं. एक घागर भरायला अर्धी रात्र जायची.

“घागर घेऊन घरी येताना एकदा मी पडले,” आजी म्हणाली. पुढे काय झालं, ते तिने सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

टूवूंबाला ही गोष्ट परकी नाही, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. आमचं गाव डोंगराच्या अगदी माथ्यावर, समुद्रापासून सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे. इथे पडलेला पाऊस दोन्ही बाजूंना उतरून जातो आणि जवळ मोठी नदी नाही. पाणी कूबी, परसिव्हिअरन्स आणि क्रेसब्रूक या तीन धरणांतून वर चढवावं लागतं. २००० नंतरच्या दुष्काळात ही धरणं आटत गेली. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पिण्यासाठी वापरायचं का, यावर २९ जुलै २००६ला इथे मतदान झालं. सुमारे ६२ टक्के लोकांनी नको म्हणून सांगितलं. पाणीवापरावर कडक बंधनं आली. शेवटी २०१०च्या जानेवारीत विव्हनहो धरणातून नळ जोडून पाणी आलं.

आमच्या शेजारच्या बाईंनी तो काळ पाहिलेला आहे. आई बादली घेऊन अंगणात आल्या तेव्हा त्या कुंपणापलीकडे उभ्या होत्या. त्यांनी हाताने “थांबा” अशी खूण केली, घरात गेल्या आणि स्वतःची बादली घेऊन आल्या. तीही शॉवरखालचीच! दुष्काळ संपला, पण त्यांची सवय गेली नव्हती. आईंना इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येत नाही. दोघी आपापल्या बादल्या दाखवून कितीतरी वेळ हसत होत्या.

आता खरं सांगायचं तर बादलीने फार पैसे वाचत नाहीत. हजार लिटर पाण्याला काही डॉलर पडतात, म्हणजे एका बादलीचे दोन-चार सेंट. पण झाडांना वेगळं पाणी लागत नाही आणि धरण आटलं तर सवय आधीपासून अंगात असते. फक्त साबणाचं पाणी भाजीला घालू नका.

बाकीच्या सवयी भराभर बघू. कपडे बाहेर दोरीवर वाळवणे: इथे उत्तम चालतं. टूवूंबाचा हिवाळा कोरडा असतो आणि उन्हाला पैसे लागत नाहीत. भांडी हाताने स्वच्छ घासून मग डिशवॉशरमध्ये लावणे: हे आमच्या आई करतात, तुमच्याकडेही कुणीतरी करत असेल. यात पाणी दोनदा जातं. खरकटं काढा, मशीन पूर्ण भरा आणि मगच लावा. प्लॅस्टिकचे जुने डबे: वाटण ठेवायला छान, मायक्रोवेव्हमध्ये गरम करायला नाही. हिवाळ्यात रात्री खूप थंडी असते, दही लागत नाही. त्यासाठी रात्रभर ओव्हन चालू ठेवणं म्हणजे वाटीभर दह्यासाठी मोठं बिल. भांडं जुन्या शालीत गुंडाळा आणि थोडी वाट बघा.

आणि स्वस्त तांदूळ. ही चूक आमच्या घरातल्या पुरुषमंडळींची. ब्रिस्बेनच्या दुकानात तांदूळ आणि तूरडाळ मिळून बारा डॉलरनी स्वस्त आहे, असं कळलं. निघाले घाट उतरून! जाऊन-येऊन साधारण २५० किलोमीटर. गाडीला शंभर किलोमीटरला आठ लिटर पेट्रोल लागतं असं धरा आणि लिटरला १.८० डॉलर. बारा डॉलर वाचवायला किती गेले, ते गणित तुमच्यासाठी ठेवते. आईंनी ते तोंडी केलं आणि मुलाकडे नुसतं पाहिलं.

त्यांना इथली सर्वांत आवडलेली गोष्ट कोणती, माहीत आहे? रिकाम्या बाटल्या. क्वीन्सलँडमध्ये १ नोव्हेंबर २०१८पासून पेयांच्या बहुतेक बाटल्या आणि कॅन परत दिले की प्रत्येकी दहा सेंट मिळतात. “म्हणजे हितं सरकारच रद्दीवाला आहे की!” रद्दीवाला म्हणजे जुने पेपर, बाटल्या वजनावर विकत घेणारा माणूस. आजी-नातू दर शनिवारी पोतं भरून जायचे. परत जाताना त्यांनी ते पैसे नातवाच्या हातात ठेवले.

बादली अजून तिथेच आहे. आता ती कोण रिकामी करतं, ते मी त्याच्या आजीला फोनवर सांगते.

वाचून झाल्यावर

१. इथल्या दुधावर जाड साय का येत नाही? तीन वाक्यांत सांगा.
२. ब्रिस्बेनच्या फेरीचं गणित करा. किती डॉलरचं नुकसान झालं?
३. “घागर घेऊन घरी येताना एकदा मी पडले.” यानंतर आजी गप्प का झाली असेल? तुम्हाला काय वाटतं ते लिहा.
४. तुमच्या घरातली एक काटकसरीची सवय निवडा. ती कुठून आली, हे आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना मराठीत विचारा. त्यांनी जसं सांगितलं तसंच, त्यांच्याच शब्दांत लिहा. ‘हितं’ म्हणाले तर ‘हितं’च लिहा.