मास्क उपयोगी की निरुपयोगी? पुरावा कसा वाचावा



जून २०२० मध्ये आपल्या वास्कोतील मांगोर हिल हा भाग गोव्यातील पहिले कोविड प्रतिबंधित क्षेत्र ठरला. तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण लहान होते. घरोघरी एकच वाद चाले: "शास्त्रज्ञांचेच एकमत नाही, मग आम्ही मास्क का लावावा?" हा प्रश्न आपण शांतपणे तपासू या.

सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांनी मास्क लावावा असे सांगितले नव्हते. ५ जून २०२० रोजी तिने सल्ला बदलला. लक्षणे नसलेल्या माणसाकडूनही लागण होऊ शकते, हे तोवर दिसून आले होते. नवी माहिती मिळाल्यावर मत बदलणे ही विज्ञानाची रीतच आहे.

आता दोन प्रयोग पाहू. २०२० मध्ये डेन्मार्कमध्ये मास्क वापरण्यास सांगितलेल्या गटात ४२ जणांना, तर दुसऱ्या गटात ५३ जणांना लागण झाली. हा फरक योगायोगानेही पडू शकतो. शिवाय सूचनेप्रमाणे मास्क वापरणारे निम्म्याहून कमी होते आणि इतरांचे रक्षण किती झाले, हे मोजलेच नव्हते. बांगलादेशात ६०० गावांत प्रयोग झाला. मास्कचा वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला आणि लक्षणांसह झालेली लागण सुमारे ९ टक्क्यांनी घटली. शस्त्रक्रियेच्या मास्कचा गुण स्पष्ट दिसला, कापडी मास्कचा मात्र खात्रीने सांगता आला नाही.

२०२३ मध्ये कॉक्रेन संस्थेने अशा प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यावरून 'मास्क निरुपयोगी' अशी ओरड झाली. तेव्हा संस्थेच्या प्रमुख संपादकांनीच खुलासा केला, की हा अर्थ चुकीचा आहे. निष्कर्ष अनिर्णित आहे.

असे पाहा. शाळेने सर्वांना छत्र्या वाटल्या, पण निम्म्या दप्तरातच राहिल्या. मग भिजलेली मुले मोजून 'छत्री कुचकामी' म्हणता येईल का? आणि फाटकी छत्री घेऊन 'मी भिजणारच नाही' असेही म्हणता येणार नाही.

म्हणून लक्षात ठेवा: 'ठोस पुरावा मिळाला नाही' आणि 'उपयोग नाही हे सिद्ध झाले' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पुरावा अपुरा असताना, कमी खर्चात मोठा धोका टळण्याची शक्यता असेल, तर काळजी घेणे शहाणपणाचे असते. मात्र आपली खात्री जितकी, तितकेच ठामपणे बोलावे.

स्वाध्याय : घरातील मोठ्यांना विचारा, २०२० मध्ये त्यांचे मत काय होते? ते पुढे बदलले का? कशामुळे?