'ऑफ' की 'बाय'?

'हळदणकरांचे चित्र' या दोन शब्दांचे अर्थ किती? तीन. हळदणकरांनी काढलेले, हळदणकरांना समोर बसवून दुसऱ्या कोणी काढलेले, आणि हळदणकरांच्या मालकीचे. आपली षष्ठी हे तिन्ही अर्थ पोटात घेते. संदर्भावरून आपण काय ते समजतो. इंग्रजी इतकी उदार नाही. 'अ पेंटिंग ऑफ हळदणकर' असे लिहिले की वाचणारा चित्रात प्रत्यक्ष हळदणकरांनाच शोधू लागतो. चित्रकार सांगायचा तर 'बाय' हवे. 'ऑफ'नंतर येतो तो चित्राचा विषय.

ज्यांच्या घरात इंग्रजी बोलले जाते त्यांना हे कानाने कळते. माझ्या घरी ती सोय नाही, म्हणून मी विभक्तीचे बोट धरून चालते.

हातातल्या दिव्याच्या उजेडात उभी असलेली ती स्त्री आपण सर्वांनी छापील चित्रात पाहिली आहे. 'ग्लो ऑफ होप' या नावाचे ते चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळजण ते रविवर्म्याचे समजतात. रविवर्मा १९०६ साली वारले. चित्र १९४५-४६ मधले, सावळाराम हळदणकरांचे. समोर उभी होती त्यांची मुलगी गीता. इंग्रजीत लिहावे: 'अ पोर्ट्रेट ऑफ हिज डॉटर बाय हळदणकर, इन वॉटरकलर ऑन पेपर.' यातील 'ऑफ' आणि 'बाय' यांची अदलाबदल करून पाहा. मुलगी चित्रकार होते आणि वडील दिवा घेऊन उभे राहतात!

तृतीयेचीही अशीच गंमत. 'हळदणकरांनी काढले' आणि 'कुंचल्याने काढले' यांत आपला प्रत्यय एकाच घरातला. इंग्रजीत माणसाला 'बाय', हत्याराला 'विथ'. रंगाच्या माध्यमाला मात्र 'इन', म्हणजे आपले 'जलरंगात'. इथे मराठी कान खुशाल वापरावा. 'इन' आणि 'ऑन'मध्येही तो फसवत नाही: चित्रातली माशी चित्रकाराने रंगवलेली, चित्रावरची माशी हाकलता येते.

एक अपवाद सांगितला पाहिजे. 'द वर्क्स ऑफ हळदणकर' हे शुद्ध आहे, कारण 'वर्क' म्हणजे कृती, आणि कृती कर्त्याचीच असते. 'अ पेंटिंग ऑफ हळदणकर्स' हेही चालते. अर्थ होतो त्यांच्या चित्रांपैकी एक. तिथला शेवटचा 'स' दिसायला एवढासा, पण तो लिहिताना गळला की हळदणकर पुन्हा चौकटीत जाऊन बसतात.