मागचा दिवा कोण बघणार? – दुचाकी, प्रकाश आणि आपण



आजचा पाठ पुस्तकातला नाही, पण प्रकाश, परावर्तन, वेग, अंतर, वेळ हे सगळे घटक त्यात येतात. आणि खरं सांगायचं तर हा पाठ मी मुलांना शिकवण्याआधी एका मुलानं मला शिकवला.

मी आष्टीत राहतो आणि रोज मोटारसायकलनं शाळेच्या गावी जाऊन-येऊन करतो. थंडीच्या दिवसांत शाळा सुटून, कागदपत्रं आवरून निघेपर्यंत अंधारून येतं. एका संध्याकाळी मागून आलेला एक ट्रक अगदी अंगाजवळून, जोरात हॉर्न मारत गेला. मी कसाबसा रस्त्याच्या खाली उतरलो. पुढचे दोन दिवस शाळेत सगळ्यांना सांगत होतो, "हे ट्रकवाले बघतच नाहीत!"

तिसऱ्या दिवशी निघताना चौथीतला एक मुलगा पळत आला. म्हणाला, "सर, तुमच्या गाडीचा मागचा लाईटच लागंना की. लई दिवस झाले."

लई दिवस झाले! मला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडे गेलो, तर त्यानं बल्ब काढून दाखवला. मागच्या दिव्याच्या बल्बमध्ये दोन तारा असतात. एक ५ वॅटची, ती सतत लागते. दुसरी २१ वॅटची, ती ब्रेक दाबल्यावर लागते. माझी ५ वॅटची तार तुटली होती. दिवसा ब्रेक दाबून बघितला की लाल दिवा लागायचा, म्हणून मी समजत होतो की सगळं ठीक आहे. अंधारात मात्र ब्रेक दाबेपर्यंत माझी गाडी मागच्याला दिसतच नव्हती. दोन-चार चहाच्या पैशात नवा बल्ब बसला.

ट्रकवाला बघत नव्हता की मी दिसत नव्हतो? या एका प्रश्नावर हा सगळा पाठ उभा आहे.

बघणं वेगळं, दिसणं वेगळं

आपण गाडीच्या लाईटचा विचार करतो तो "मला रस्ता दिसला पाहिजे" एवढाच. म्हणून पुढचा बल्ब गेला की त्याच दिवशी बदलतो. पण लाईटचं दुसरं काम तितकंच मोठं आहे : "मी इतरांना दिसलो पाहिजे." पुढचा दिवा आपल्याला दिसतो, मागचा आपल्याला कधीच दिसत नाही. तो दिसतो फक्त मागच्याला, आणि मागचा सांगायला थांबत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. ती सगळी न दिसल्यामुळे गेली असं मी म्हणत नाही. वेग, दारू, हेल्मेट नसणं, खड्डे अशी कारणं आहेतच. पण दिसणं हे असं कारण आहे, ज्यावर आपण आजच्या आज, घरच्या घरी काहीतरी करू शकतो.

अमेरिकेत लॉस एंजेलिस भागात हॅरी हर्ट यांच्या गटानं मोटारसायकलच्या ९०० अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली होती. १९८१ मध्ये तो अहवाल आला. ज्या अपघातांत दुसरं वाहन होतं, त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश अपघातांत त्या दुसऱ्या वाहनानं मोटारसायकलची हक्काची वाट अडवली होती. चालकाचं म्हणणं बहुधा एकच : "मला ती दिसलीच नाही."

एकच दिवा का फसवतो?

आपल्याकडे रात्री प्रवास करणाऱ्याला "एकडोळ्या" ट्रक माहीत असतो. एक हेडलाईट गेलेला ट्रक लांबून मोटारसायकल वाटतो आणि जवळ आल्यावर छातीत धस्स होतं. असं का होतं?

समोरून येणाऱ्या गाडीचे दोन दिवे असले की ती जवळ येते तसं त्या दोन दिव्यांमधलं अंतर वाढताना दिसतं. त्यावरून आपला मेंदू हिशोब करतो : किती लांब आहे, किती जोरात येते आहे. एकाच दिव्याला हे अंतरच नसतं. तो फक्त हळूहळू मोठा होतो, आणि ते डोळ्याला पटकन कळत नाही. म्हणून वळणारा गाडीवाला "अजून लांब आहे" असं समजून आपली गाडी आडवी घालतो.

कृती : वर्गाच्या खिडक्या झाका, किंवा पालकांनी संध्याकाळी अंगणात करावं. एका मुलाच्या हातात छातीजवळ एक बॅटरी द्या. दुसऱ्याच्या दोन्ही हातांत एकेक बॅटरी देऊन हात पसरायला सांगा. दोघांनी आळीपाळीनं लांबून चालत यावं. बाकीच्यांनी सांगायचं : कोण जवळ आलं ते कधी कळलं? दोन बॅटऱ्यांचा अंदाज मुलांना सोपा जातो. पुढं जाऊन दोन बॅटऱ्या खाली आणि एक वर असा त्रिकोण करून बघा. २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांनी हेच तपासलं. मुख्य दिव्याबरोबर आणखी दिवे लावून त्रिकोण केला, तर रात्री मोटारसायकलच्या वेगाचा अंदाज जास्त बरोबर येतो असं त्यांना आढळलं.

याचा अर्थ उद्याच बाजारातून दोन झगझगीत फोकस आणून बसवा असा नाही. त्याबद्दल पुढं बोलू.

शहरात अडचण वेगळी असते. आपल्या तालुक्यातले कितीतरी पालक कामासाठी नगरला, पुण्याला असतात. तिथं अंधार कमी, पण दुकानांचे, पाट्यांचे, सिग्नलचे, गाड्यांचे दिवे एवढे की त्यात आपला एक दिवा हरवून जातो. मागं मोठी गाडी असेल तर तिच्या दोन दिव्यांत आपला दिवा मिसळून जातो. म्हणून शहरात वळायच्या बरंच आधी इंडिकेटर द्यावा, वळल्यावर आठवणीनं बंद करावा, आणि बस-ट्रकच्या बाजूला चिकटून चालू नये. त्यांच्या आरशात आपण नसतो.

"ओ, लाईट चालू आहे!"

१ एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींना इंजिन चालू असेपर्यंत हेडलाईट आपोआप चालू राहण्याची सोय सक्तीची झाली. सुरुवातीला समोरून येणारा प्रत्येक जण बोटं उघड-मीट करून खूण करायचा, की तुमचा लाईट चालू राहिलाय. आजही एखादा करतो. दिवसा लाईट म्हणजे बॅटरीची नासाडी असं बऱ्याच जणांना वाटतं. पण तो लाईट रस्ता दिसण्यासाठी नाहीच, गाडी दिसण्यासाठी आहे. भर उन्हात, झाडाच्या सावलीत, धुळीत, उसाच्या फडाशेजारच्या वळणावर गाडीच्या आधी दिवा दिसतो. मलेशियानं हा नियम १९९२ मध्येच आणला होता. युरोपात २००३ पासून नव्या मोटारसायकलींना अशी सोय आहे.

काही जण मेकॅनिककडून वेगळं बटण बसवून हा लाईट बंद करून घेतात. पालकहो, तसं करू नका. आणि जुनी गाडी असेल तर दिवसाही डिपर लावून चालवा.

रेडियम म्हणजे रेडियम नव्हे

आपण ज्याला "रेडियम" म्हणतो, त्या चमकणाऱ्या पट्टीत रेडियम नसतं. रेडियम हे मेरी आणि पिएर क्यूरी यांनी १८९८ मध्ये शोधलेलं किरणोत्सारी मूलद्रव्य. त्याचा रंग पूर्वी घड्याळाच्या काट्यांना लावत, म्हणून ते अंधारात चमकायचे. नाव तिथून चिकटलं असावं. आपली पट्टी स्वतः चमकत नाही. तिच्यात काचेचे अगदी बारीक मणी किंवा बारीक लोलक असतात. आलेला प्रकाश ते जिथून आला तिथंच परत पाठवतात.

कृती : साहित्य – बॅटरी, छोटा आरसा, रेडियमचा तुकडा किंवा सायकलच्या पायडलचा रिफ्लेक्टर. खोलीत अंधार करा. आरसा भिंतीवर जरा तिरपा लावा आणि बॅटरी मारा. उजेड भलतीकडेच जातो. आता त्याच जागी तितकीच तिरपी रेडियमची पट्टी लावा आणि बॅटरी डोळ्याजवळ, कानशिलाला लावून धरा. पट्टी लख्ख दिसेल. मग बॅटरी चार-पाच पावलं बाजूला उभ्या असलेल्या मुलाकडे द्या आणि त्याला मारायला सांगा. आता तुम्हाला पट्टी मंद दिसेल, बॅटरी धरलेल्याला मात्र लख्ख.

निष्कर्ष मुलांनाच काढू द्या : ट्रकच्या दिव्याचा उजेड ट्रकवाल्याच्याच डोळ्याकडे परत जातो. रात्री मांजराचे, गायी-म्हशींचे डोळे चमकतात तेही असंच. इंग्लंडच्या पर्सी शॉ यांनी १९३४ च्या सुमारास रस्त्यात बसवायचे चमकते खुंटे तयार केले, त्यांना नावच "मांजराचे डोळे" पडलं.

पण एक लक्षात ठेवा. समोरच्याचा उजेड पडला तरच पट्टी चमकते. म्हणून मागचा दिवा आणि रेडियम, दोन्ही पाहिजे.

आपल्या भागात दूध घालायला जाणाऱ्यांच्या गाडीला दोन्ही बाजूंनी कॅन लटकलेले असतात. मागचे इंडिकेटर त्याच्याआड जातात. कधी वैरणीच्या पेंढ्यानं मागचा दिवाच झाकतो, कधी मुलाच्या दप्तरानं. कॅनच्या मागच्या बाजूला लाल रेडियम लावा. हेल्मेटच्या मागं, दप्तराच्या पट्ट्यावर एकेक तुकडा लावा. हे सगळं फार तर पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे.

जास्त उजेड म्हणजे जास्त सुरक्षा?

नाही. साध्या गाडीच्या हॅलोजन हेडलाईटला बहुधा ३५ वॅटचा बल्ब असतो. त्याजागी ६०/५५ वॅटचा टाकला तर वायर आणि होल्डर तापतात, बॅटरीवर ताण येतो. हॅलोजनसाठी बनवलेल्या डोममध्ये स्वस्तातला एलईडी बल्ब टाकला तर उजेड नीट खाली न पडता चहूकडे फाकतो. समोरच्याचे डोळे दिपतात आणि काही सेकंद त्याला काहीच दिसत नाही. त्या काही सेकंदांत तो आपल्याच अंगावर येऊ शकतो. शिवाय गाडीत मनाला येईल ते बदल करणं कायद्यातही बसत नाही.

त्यापेक्षा हे करा. काच धुवा, पिवळी पडली असेल तर बदला. डिपरची दिशा तपासा : मागं माणूस बसवून गाडी भिंतीपासून पाच-सात मीटरवर उभी करा. डिपरच्या उजेडाची वरची कड हेडलाईटच्या उंचीपेक्षा थोडी खाली पडली पाहिजे. मागं ओझं असलं की मागचा भाग दबतो आणि उजेड वर जातो, म्हणून हे ओझ्यासकटच बघायचं.

सातवीच्या मुलांसाठी गणित

नियमानुसार गाडीचा मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. हे अंतर मुलांना मैदानात किंवा रस्त्याच्या कडेला टेपनं मोजायला लावा. मग हे उदाहरण द्या.

ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. पुढं काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जायला समजा दीड सेकंद लागला. तेवढ्यात गाडी २२.५ मीटर पुढं गेली. त्यानंतर ब्रेक लागून थांबायला चांगल्या रस्त्यावर आणखी साधारण २२.५ मीटर धरू. एकूण ४५ मीटर. आता पुढं दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी आहे आणि ती आपल्या डिपरच्या उजेडात ३० मीटरवर दिसली, तर काय होईल? आणि तिला मागं रेडियम असतं आणि ती १५० मीटरवर दिसली असती, तर?

हे उदाहरण सोडवताना माझ्या वर्गात एकदम शांतता झाली. आपल्या बीड जिल्ह्यातली मुलं आहेत ही. दसरा-दिवाळीनंतर कितीतरी जणांचे आई-वडील ऊसतोडीला जातात. ट्रॉली म्हणजे काय, ती रात्री रस्त्याच्या कडेला कशी उभी असते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

गृहपाठ : मुलांनी घरच्यांसोबत करायचा

दर शनिवारी संध्याकाळी, दोन मिनिटं. एकानं गाडीवर बसायचं, मुलानं मागं उभं राहून बघायचं आणि वहीत लिहायचं.

१. ब्रेक न दाबता मागचा लाल दिवा लागतो का?
२. फक्त हाताचा ब्रेक दाबल्यावर तो जास्त उजळतो का? फक्त पायाचा दाबल्यावर? (चिखलानं पायाच्या ब्रेकचं बटण अडकतं, म्हणून दोन्ही वेगवेगळे बघा.)
३. चारही इंडिकेटर लागतात का?
४. अप्पर आणि डिपर दोन्ही लागतात का?
५. मागचा लाल रिफ्लेक्टर जागेवर आहे का? त्यावर चिखल, स्टिकर, काळी फिल्म नाही ना?
६. दप्तर, कॅन, पिशवी लटकवल्यावर यातलं काही झाकतं का?

पालकहो, मुलानं "लागत नाही" म्हटलं तर "बघू नंतर" म्हणू नका. त्याच्यासमोर दुरुस्त करा. त्यातून त्याला दोन गोष्टी कळतात : विज्ञान वहीपुरतं नसतं, आणि मोठ्यांची चूक दाखवली तरी ते ऐकतात.

माझी चूक दाखवणारा तो मुलगा आता रोज शाळा सुटल्यावर फाटकाजवळ उभा राहतो. मी गाडी चालू केली की मागं बघतो आणि हात वर करतो. लाईट चालू आहे, जा सर. तोवर मी निघत नाही.

तुमच्या शाळेत ही कृती करून बघा आणि मुलांनी काय निरीक्षणं नोंदवली ते जरूर कळवा.