सोंगाच्या खेळांतील परिभाषा

प्रत्येक धंद्याची एक बोली असते. सातिवलीच्या कारखान्यांतील कामगाराचें बोलणें बागायतदारास चटकन उमगत नाहीं, आणि बागायतदाराचें कोळ्यास उमगत नाहीं. खेळांचेंही तसेंच आहे. विटीदांडू खेळतांना जुनीं माणसें 'वकट, लेंड, मूंड' असें मोजीत. हे शब्द तेलुगूंतील एक, दोन, तीन या अंकांचीं रूपें आहेत, हें पुष्कळांच्या गांवींही नसे. आज मुलें मोबाइलवर अगर संगणकावर जे अद्भुत कथांचे खेळ खेळतात, त्यांचीही अशीच परिभाषा झाली आहे. ती मुलांस पाठ असते, परंतु नेहमींच समजलेली असते असें नाहीं. पालकांस तर ती नुसती अक्षरांची गर्दी वाटते. म्हणून तिचा अल्प परिचय येथें करून देण्याचें योजिलें आहे.

या खेळांस 'आरपीजी' म्हणतात. 'रोल-प्लेइंग गेम' या शब्दांचीं हीं आद्याक्षरें. अर्थ, सोंग घेऊन खेळावयाचा खेळ. आपल्या पालघर जिल्ह्यांत जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याच्या उत्सवांत गांवकरी देवदैत्यांचे मुखवटे घालून नाचतात. त्यांस ही कल्पना नवी वाटावयाची नाहीं. फरक इतकाच कीं, येथें सोंग गणितानें चालतें. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल व फांसे यांनीं खेळावयाचा खेळ प्रसिद्ध झाला. वीराचें सामर्थ्य अंकांत मांडण्याची त्यांतील रीत पुढें संगणकाच्या खेळांनीं उचलली.

आतां ते अंक पाहूं. 'एचपी' म्हणजे हिट पॉइंट्स, प्राणांचें भांडवल. वीरापाशीं १०० एचपी असून शत्रूच्या प्रत्येक घावास १५ खर्ची पडत असतील, तर सातव्या घावास तो पडतो. 'एमपी' हें मंत्रसामर्थ्य. त्यांतील 'एम' कोठें 'मॅजिक'चा, तर कोठें 'माना'चा. 'माना' हा प्रशांत महासागरांतील बेटांवरचा शब्द असून अलौकिक शक्ति असा त्याचा अर्थ आहे. 'एक्सपी' म्हणजे अनुभवाचे गुण; ते ठराविक संख्येस पोहोंचले कीं 'लेव्हल', म्हणजे वीराची इयत्ता, वाढते. खेळाडूच्या पडद्यावरील रूपास 'अवतार' म्हणतात. 'अल्टिमा' मालिकेंतील १९८५ च्या चौथ्या खेळाच्या नांवांतच हा शब्द होता. आपलाच संस्कृत शब्द परदेशीं जाऊन असा घरीं परत आला आहे. 'एनपीसी' म्हणजे ज्यांचीं सूत्रें संगणकाच्या हातीं असतात तीं पात्रें: दुकानदार, पहारेकरी, वाटेवरची म्हातारी. 'क्वेस्ट', म्हणजे कामगिरी, बहुधा तींच सांगतात.

मोठा दैत्य, ज्यास 'बॉस' म्हणतात, पुष्कळदां एकट्यास आवरत नाहीं. त्यासाठीं 'पार्टी' जमवावी लागते. तींत 'टँक' घाव अंगावर घेतो, 'हीलर' जखमा भरून काढतो, आणि 'डीपीएस' मारा करतो. डीपीएस हें वस्तुतः दर सेकंदास होणाऱ्या हानीचें माप. पुढें मारा करणाऱ्यासच तें नांव पडलें. सामर्थ्य तात्पुरतें वाढविणें तो 'बफ', घटविणें तो 'डीबफ'. एकाच प्रहारानें सभोंवारच्या सर्वांस लागणें तें 'एओई'. 'एएफके' म्हणजे खेळाडू जागेवरून उठून गेला आहे. हा शब्द पालकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावा. दूरदूरच्या सोबत्यांसह इंटरनेटवर चाललेली लढाई मध्येंच थांबवितां येत नाहीं. हीलर उठला तर सारी पार्टी बुडण्याचा संभव असतो. यास्तव जेवणाच्या हाकेस 'पांच मिनिटें' हें उत्तर आलें, तर ती प्रत्येक वेळीं टाळाटाळच असते असें नाहीं. मात्र पानें मांडण्याच्या वेळीं नवी लढाई अंगावर घेऊं नये, हें मुलांनींही पाळलें पाहिजे.

'ग्राइंडिंग' म्हणजे अक्षरशः दळणें. एक्सपीसाठीं तेच ते शत्रु शेंकडों वेळां मारीत बसण्यास याहून समर्पक शब्द नाहीं. परंतु जात्यांतून पीठ तरी पडतें. 'आरएनजी' ही यदृच्छेनें अंक काढणारी यंत्रणा, जुन्या फांशाची वारस. एखादी दुर्मिळ तलवार मिळण्याचा संभव शंभरांत एक असेल, तर शंभर प्रयत्नांत ती मिळालीच पाहिजे, असा समज होणें साहजिक आहे. गणित तसें सांगत नाहीं. दर प्रयत्नास ती न मिळण्याचा संभव ०.९९, त्याचा शंभरावा घात सुमारें ०.३७ येतो. म्हणजे शंभर मुलांनीं प्रत्येकीं शंभर प्रयत्न केले, तरी त्यांतील सुमारें ३७ रिकाम्या हातांनीं परततील. खेळ रचणाऱ्यानें निराळी हमी दिली नसेल, तर मागील अपयशाची फांशास आठवण नसते.

हा फांसा फुकट टाकावयाचा आहे तोंवर ती करमणूक होय. 'लूट बॉक्स' व 'गाचा' हे शब्द आले कीं मात्र सावध व्हावें. पैसे भरून बंद पेटी घ्यावयाची, आणि आंत काय निघेल तें दैवावर सोंपवावयाचें, असा हा व्यवहार आहे. 'गाचा' हें नांव जपानांतील, नाणें टाकलें असतां एखादें खेळणें बाहेर देणाऱ्या यंत्रांवरून आलें. बेल्जियमच्या जुगार-नियामकांनीं २०१८ सालीं पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या अशा कांहीं पेट्या जुगारांत मोडतात, असें ठरविलें. फांशाच्या नादानें धर्मराजाचें काय झालें, हें आपल्याकडे कोणास सांगावयास नको.

म्हणून खेळ वाईट, असें मात्र नव्हे. पुणें येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें २०२० सालीं 'राजी' हा खेळ काढला. तो आरपीजी नसून साहसाचा खेळ आहे; परंतु असुरांशीं लढत भावास शोधणारी त्यांतील मुलगी आपल्याच पुराणांच्या सृष्टींत वावरते. खेळ रचणें हाही आज एक विद्याव्यवसाय आहे, आणि वरील अंकांचा मेळ घालणें हें त्यांतील मोठें काम.

विद्यार्थिमित्रांनो, यांतील पांच शब्द आज घरीं वडील मंडळींस शुद्ध मराठींत समजावून सांगा. जो शब्द असा सांगतां येणार नाहीं, तो अजून नीट समजला नाहीं असें जाणा. पालकांनींही 'किती वेळ खेळलास?' एवढेंच न विचारतां 'कामगिरी कोणती होती, आणि पार्टींत तुझें काम काय?' असें विचारून पाहावें. आणि पेटीसाठीं कोणी पैसे मागूं लागल्यास, प्रथम कागद-पेन्सिल घेऊन तिघांनीं मिळून वरील घात मांडावा. मगच उत्तर द्यावें.