माळ्यावरची ढोलकी आणि पावतीपुस्तक

इतिहासाच्या शिक्षकाकडून स्मरणिकेसाठी लेख मागितला की तो महाडवर किंवा पुणे करारावर असेल, अशी सर्वांची अपेक्षा असते. या वेळी आम्ही विषय निराळा घेतला आहे. जुनी चर्मवाद्ये दुरुस्त करण्याचा छंद आम्हांला गेल्या वीस-बावीस वर्षांपासून आहे. त्यातून हिंदमाता परिसरातील एका गल्लीत लहानसा धंदा उभा राहिला. सेवाशर्तींमुळे तो आमच्या धाकट्या बंधूंच्या नावावर आहे. आम्ही दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुटीत नायगावच्या घरी गेलो की हात लावतो, इतकेच. परंतु या धंद्याने आमच्या घरात जो वाद निर्माण केला तो केवळ आमच्या घरापुरता नाही, असे वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

प्रथम वादाविषयी. आमचे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातील. गावच्या लग्नात, सणात, पालखीपुढे खालूबाजा वाजवण्याचे काम आमच्या घराकडे होते. ‘काम’ हा शब्द सोयीसाठी वापरला. त्याला दर नव्हता, वेळ नव्हती आणि नाही म्हणण्याची मुभाही नव्हती. मिळेल ते धान्य पदरात घ्यायचे आणि अंगणाबाहेर उभे राहून वाजवायचे. आजोबा मुंबईत गिरणीत लागले. ३० व ३१ मे १९३६ रोजी दादर-नायगाव येथे मुंबई इलाखा महार परिषद भरली, त्या मंडपात ते होते. बाबासाहेबांचे ‘मुक्ती कोन पथे’ हे भाषण तेथलेच. त्यानंतर गावी गेल्यावर आजोबांनी घरातला ढोल फोडला. वडील ही गोष्ट अभिमानाने सांगत. अशा घरात नातवाने ढोलकी मांडीवर घेऊन कातडे ओढीत बसणे वडिलांना रुचण्यासारखे नव्हते. पहिल्यांदा त्यांनी पाहिले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “एम. ए. होऊन हेच करायचं होतं का?” त्यानंतर दोन दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत.

ती ढोलकी आमच्या हाती आली ती शेजाऱ्यांच्या माळ्यावरून. नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बी. डी. डी. चाळी १९२० च्या दशकात मुंबई विकास खात्याने बांधल्या. एकूण २०७ इमारती. त्यांतील ४२ नायगावात. दहा बाय बाराच्या आसपासची खोली, त्यावर बहुतेकांनी घातलेला लाकडी माळा, आणि त्या माळ्यावर तीन पिढ्यांची अडगळ. गिरणगावातील कलापथके, भजनी मंडळे, जलसे, बेंजो पार्ट्या यांची वाद्ये शेवटी याच माळ्यांवर चढली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर अनेक संचांना वाजवायला माणसे उरली नाहीत, हे आम्ही लहानपणी डोळ्यांनी पाहिले. आता पुनर्विकासामुळे चाळी रिकाम्या होत आहेत. टेम्पोत सामान चढवताना कपाट जाते, टीव्ही जातो, पण फुटक्या पुडीची ढोलकी जिन्याखाली राहते. आमच्या धंद्याचा कच्चा माल हा असा आहे. हे लिहिताना संकोच वाटतो, पण खरे आहे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. ढोलकी, तबला, पखवाज यांच्या लाकडी अंगाला खोड म्हणतात. शिसव किंवा खैराचे जुने खोड हाती आले तर ते सोन्यासारखे जपावे. तसे जाड, जुने, मुरलेले लाकूड आज सहज मिळत नाही. प्रथम वाद्य उघडायचे, आतला जळमटांचा थर कोरड्या कुंच्याने काढायचा, आणि बोटाच्या सांध्याने खोडावर चहूकडे ठोकून ऐकायचे. भेग असेल तेथे आवाज मेल्यासारखा येतो. कीड लागली असेल तर उन्हात धरल्यावर बारीक पीठ गळते. भेग लहान असेल तर त्याच जातीच्या लाकडाची चीप बसवावी, मोठी असेल तर आतून पट्टी द्यावी. भुसा आणि डिंक भरून वरून पॉलिश मारणारे कारागीर पुष्कळ आहेत; ते काम दोन पावसाळे टिकत नाही.

पुडी बकऱ्याच्या कातड्याची, वादी म्हशीच्या कातड्याची. शाई म्हणजे लोखंडाची भुकटी आणि खळ यांची लुकण. तिचा एकेक पातळ थर द्यायचा, दगडाने घोटायचा, सुकू द्यायचा, मग पुढचा. घाई केली की शाईला मोठे तडे जातात. नीट घोटलेल्या शाईलाही तडे असतात, पण ते केसासारखे बारीक असतात आणि त्यांच्यामुळेच शाई कातड्याबरोबर हलते आणि आवाज मोकळा येतो. ही गोष्ट समजायला आम्हांला दोन वर्षे आणि अकरा पुड्या लागल्या. शिकवणारे लालबागचे एक वृद्ध कारागीर होते. त्यांनी आमची जात कधी विचारली नाही आणि आम्ही त्यांची. मात्र आम्ही शिक्षक आहोत हे कळल्यावर ते आम्हांला ‘गुरुजी’ म्हणू लागले आणि चुकल्यावर रागावायचे थांबले. त्यामुळे आमचे शिक्षण बरेच लांबले.

पाश्चात्य धर्तीचे ड्रम नंतर आले. शाळांच्या बँडचे साइड ड्रम, वाद्यवृंदांतील काँगो-बोंगो, क्वचित एखादा जुना विलायती संच. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत प्लॅस्टिकच्या पातळ पटलाची पाने निघाली आणि ड्रमवरचे वासराचे कातडे हळूहळू गेले. हे पान ओलसर हवेत सैल पडत नाही, म्हणून मुंबईसारख्या शहरात त्याचे महत्त्व मोठे. आपल्याकडे आयातीवर बंधने असल्याने जुने विलायती ड्रम टाकून न देता वर्षानुवर्षे दुरुस्त करून वापरले गेले. अशा ड्रमचे मूळ नटबोल्ट, कडी, धातूची नावपट्टी ही अंगाइतकीच मोलाची. ती घासून चकचकीत करू नये. नवख्याच्या हातून पहिले नुकसान येथेच होते.

संयुक्त निकायातील आणि सुत्तात भगवान बुद्धांनी दसारहांच्या ‘आनक’ नावाच्या नगाऱ्याचा दाखला दिला आहे. नगाऱ्याला भेग पडली की दसारह तेथे नवी खुंटी ठोकीत. असे करता करता एक वेळ अशी आली की मूळ लाकूड नाहीसे झाले आणि खुंट्यांचा सांगाडा तेवढा उरला. मूळ उपदेश बाजूला पडून नुसती अलंकारिक वचने उरतील, हा धोका भगवंतांना सांगायचा होता. आमच्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्यास मात्र त्यात आपल्या धंद्याचाच प्रश्न दिसतो. किती बदलले म्हणजे जुने वाद्य जुने राहत नाही? आमच्या बंधूंनी यावर एक व्यवहारी नियम केला आहे. खोड मूळचे असेल तरच ‘दुरुस्त केलेले जुने वाद्य’ म्हणून विकायचे आणि बदललेला प्रत्येक भाग पावतीवर लिहून द्यायचा. काढलेली जुनी पुडी गिऱ्हाइकाला परत द्यायची. नव्या लाकडाला चहाचे पाणी लावून त्याला जुनेपण आणणारे लोक याच शहरात आहेत आणि त्यांना आमच्याहून अधिक पैसे मिळतात. सम्यक आजीविकेच्या विवेचनात उपासकाने टाळायचे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष. चामड्याचे नाव त्यात नाही. परंतु कपटाने मिळवलेली उपजीविका मिथ्या आजीविका ठरते, हेही तेथेच आहे. चहाचे पाणी त्यात बसते, असे आमचे मत आहे.

छंदाचा धंदा झाला तो २०१४ मध्ये. बंधू हिंदमात्याच्या कापडबाजारात विक्रेते होते. दुकान बंद झाले. तोवर आम्ही मंडळांची, ओळखीच्यांची वाद्ये फुकट दुरुस्त करून देत होतो. बंधूंनी वही काढून विचारले, “दादा, एका ढोलकीला तुझे तास किती जातात?” आम्हांला सांगता येईना. त्यांनी एक महिना घड्याळ लावून नोंदी ठेवल्या. उदाहरणादाखल हिशेब असा मांडता येईल. समजा, पुड्या, वादी आणि किरकोळ साहित्य मिळून १,४०० रुपये लागले आणि गिऱ्हाइकाने २,००० रुपये दिले. सहाशे सुटले, असे छंदिष्ट म्हणेल. पण कामाला १२ तास गेले असतील तर तासाला ५० रुपये पडले. त्यातून गाळ्याचे भाडे, वीज आणि बिघडलेली एखादी पुडी वजा केली तर हाती काही राहत नाही. अशा दहा ढोलक्या केल्या तर दहापट तोटा होईल, कारण हौस त्यात मोजलेली नसते.

त्या वहीकडे पाहताना आम्हांला आजोबांचा ढोल प्रथमच नीट समजला. १८७४ च्या वतन कायद्याने गावकामगार महाराचे श्रम बांधले होते. मोबदला ठरलेला नाही आणि कामाला अंत नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, त्यात मुख्य झगडा याच न मोजलेल्या श्रमाविरुद्ध होता. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये, त्यांच्या निर्वाणानंतर झाला. आजोबांनी ढोल फोडला तो कातड्याच्या वासामुळे नव्हे. तसे असते तर पुढे आंबेडकरी जलशांनी ढोलकी हाती धरलीच नसती. भीमराव कर्डकांच्या जलशात ती वाजली आणि याच नायगावात वाढलेल्या शाहीर विठ्ठल उमपांच्या मागेही वाजली. बाबासाहेब स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकत होते. हे सारे आम्ही वडिलांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि पावतीपुस्तक मागितले. त्यावर छापलेला दर, सही, तारीख पाहिली. “अंगणाबाहेर उभं राहून देतोस की दुकानात बसून?” असे त्यांनी विचारले. दुकानात बसून, असे सांगितल्यावर त्यांनी पुस्तक परत केले. ते पूर्ण राजी झाले असे आम्ही म्हणणार नाही.

मिरजेचे उदाहरण येथे उपयोगी आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर, तंतुवाद्ये घडवू लागले आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. जातीने दिलेले काम सोडून त्याच हातांनी दुसरे उभे करता येते. याउलट, २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय मोजले आहेत, पण वाद्ये घडवणारा त्यात नाही. कोणाचे काम कारागिरीत धरायचे आणि कोणाचे नाही, हे ठरवणाऱ्या याद्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने नेहमी बारकाईने वाचाव्यात.

ज्यांना असा धंदा करायचा आहे त्यांच्यासाठी थोडे. मोजकीच माणसे कामाला असतील तर महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यानुसार दुकानाची केवळ सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणीला पैसे लागत नाहीत; मागणाऱ्यास देऊ नयेत. बँकखाते घरखर्चापासून वेगळे ठेवावे. हंगाम ओळखावा. १४ एप्रिलपूर्वीचे तीन आठवडे आणि आषाढ-श्रावण हे आमचे भरीचे दिवस. गणपतीच्या आदल्या आठवड्यात नवे काम घेऊ नये, कारण शाई सुकत नाही आणि शब्द मोडतो. २०२० मध्ये मिरवणुका थांबल्या आणि एकही वाद्य आले नाही. तेव्हा बंधूंना विणलेल्या खुर्च्यांच्या दुरुस्तीने तारले. एकाच सणावर पोट ठेवू नये.

आणि जागा उंचावर घ्यावी. हिंदमात्याचे पाणी मुंबईला माहीत आहे. २९ ऑगस्ट २०१७ रोजी, गणेशोत्सव चालू असताना, दुपारी दोन तासांत गाळ्यात गुडघाभर पाणी शिरले. खालच्या फळीवर गिऱ्हाइकांच्या आठ ढोलक्या होत्या. फळी खाली ठेवण्याचा निर्णय आमचा, बंधूंचा नव्हे. शाई विरघळली, वाद्या फुगल्या, दोन खोडे पुढे उकलली. आठही वाद्ये आम्ही विनामूल्य करून दिली. त्याला दिवाळीची सुटी आणि बंधूंचे दोन महिन्यांचे उत्पन्न गेले. सहा गिऱ्हाइके परत आली, दोन आली नाहीत. आता सर्वांत खालची फळी कमरेच्या वर आहे आणि पावतीच्या मागे पावसाळ्याच्या जोखमीची ओळ छापली आहे.

आपल्या शाळेच्या भांडारात बँडचे चार जुने साइड ड्रम आणि एक मोठा ड्रम पडून आहेत. त्यांपैकी तीन दुरुस्त होण्यासारखे आहेत. चौथ्याची कडी गंजून गेली आहे. येत्या मे महिन्याच्या सुटीत नववीची सहा मुले-मुली हे काम शिकतील. साहित्याचा अंदाज लेखी दिला आहे, आणि मुलांच्या तासांची नोंद ठेवण्यासाठी बंधूंनी एक वही पाठवली आहे. वडील आता ८४ वर्षांचे आहेत. कडी कोठून आणायची ते त्यांनी काल फोनवर सांगितले.